निवृत्तीनंतर वेबसाइट बांधणीचे काम : कोकणातल्या नवशिक्यांसाठी

दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्याच्या रस्त्याने निघाले, की दर दोन-चार वळणांवर माडाला ठोकलेली एखादी पाटी दिसते : ‘राहण्याची व घरगुती जेवणाची सोय’, आणि खाली एक मोबाइल क्रमांक. त्या पाटीमागच्या घरात स्वच्छ खोल्या असतात, हातची सोलकढी असते, समुद्र दहा मिनिटांच्या पायवाटेवर असतो; पण पुण्यात किंवा ठाण्यात बसून दिवाळीची सुट्टी ठरवणाऱ्या कुटुंबाला ही पाटी दिसत नाही. हेच आंबा बागायतदारांचे, कोकम-आगळ करणाऱ्या घरगुती उद्योगांचे आणि काजू प्रक्रियेच्या लहान कारखान्यांचे. मुंबईतल्या संस्थेकडून वेबसाइट करून घेणे त्यांना परवडत नाही, आणि करून घेतलीच तर पुढच्या वर्षी दर बदलण्यासाठी फोन करावा तर तो कोणी उचलत नाही. या लोकांना हवा असतो तो गावातला, हाकेच्या अंतरावरचा, विश्वासाचा माणूस, आणि निवृत्त व्यक्ती नेमकी तशीच असते.

मी ५८व्या वर्षी सरकारी कचेरीतून निवृत्त झालो, तेव्हा संगणकाशी माझा संबंध एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र आणि मराठी टंकलेखन एवढाच होता. आज माझ्याकडे बारा लहान वेबसाइट सांभाळायला आहेत. त्या अनुभवावरून एक गोष्ट आरंभीच सांगतो : या कामात खरी मिळकत वेबसाइट बांधण्यात नसून ती वर्षानुवर्षे सांभाळण्यात आहे, आणि पुढचे सर्व निर्णय, म्हणजे काय शिकायचे, कोणाचे काम घ्यायचे, किती पैसे मागायचे हे निर्णय त्या हिशेबाने घ्यावेत. पहिले सहा महिने एक रुपयाही मिळणार नाही असे धरून चालावे. त्यानंतरही हे उत्पन्न पगाराच्या जागी येत नाही. निवृत्तिवेतनाला जोड म्हणूनच त्याकडे पाहावे.

साधने आणि कोकणची हवा

नवा महागडा संगणक घेण्याची गरज नाही. ८ जीबी रॅम आणि एसएसडी (वेगवान साठवण) असलेला जुना लॅपटॉप या कामाला पुरतो. डेस्कटॉपपेक्षा लॅपटॉप घ्यावा, कारण त्याला स्वतःची बॅटरी असते आणि आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड आणि दापोली भागातल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, आणि पुढच्याच वर्षीच्या मे महिन्यात तौक्ते वादळाने रत्नागिरी-सिंधुदुर्गात तसाच फटका दिला. त्यामुळे घरी इन्व्हर्टर असल्यास उत्तम. नसल्यास निदान राउटरसाठी लहान यूपीएस बसवावा आणि दुसऱ्या कंपनीचे सिमकार्ड जवळ ठेवावे. वळिवाच्या दिवसांत आभाळ गडगडू लागले, की चार्जर आणि इंटरनेटची तार दोन्ही काढून ठेवण्याची सवय लावून घ्यावी. खारी दमट हवा यंत्रांना खाते. पावसाळ्यात लॅपटॉप आठ-आठ दिवस बंद ठेवू नये, आणि ठेवावाच लागला तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावा. प्रत्येक कामाची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक गुगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी असावी.

शिकण्याचा क्रम

अनेक जण थेट वर्डप्रेसपासून, म्हणजे वेबसाइट बांधण्याच्या तयार प्रणालीपासून, आरंभ करतात आणि पहिली अडचण आली की थांबतात. माझ्या मते क्रम असा असावा : प्रथम युनिकोड, म्हणजे कोणत्याही यंत्रावर मराठी अक्षरेच दिसतील अशा पद्धतीचे, मराठी टंकलेखन, मग एचटीएमएल, मग सीएसएस, आणि गरज पडली तरच वर्डप्रेस.

टंकलेखनाचा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण आपल्या पिढीतल्या अनेकांचा हात कृतीदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटवर बसलेला असतो. त्या पद्धतीने टंकलेला मजकूर वेबसाइटवर टाकला, की वाचकाच्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची भेळ दिसते, आणि शोधयंत्रालाही त्यातले काही कळत नाही. छापखान्यातून आलेल्या माहितीपत्रकाचा मजकूर तर हमखास असा असतो. तो युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा आणि नंतर अक्षर न अक्षर तपासावा, कारण रूपांतरात ‘ऱ्य’ आणि ‘र्य’ यांची अदलाबदल होते आणि किनाऱ्यावरचे घर ‘किनार्यावरचे’ होऊन बसते. नव्याने टंकायला शिकणार असाल तर इनस्क्रिप्ट कळपाट शिकावा. पंधरा दिवस चिडचिड होते, मग आयुष्यभराची सोय होते.

एचटीएमएल ही प्रोग्रॅमिंगची भाषा आहे असे समजून घाबरण्याचे कारण नाही. कचेरीतल्या मसुद्यावर आपण समासात ‘हे ठळक’, ‘येथून नवा परिच्छेद’ अशा खुणा करत असू, तशाच खुणा कोनी कंसांत लिहून ब्राउझरला सांगायच्या, की हे शीर्षक आहे, हा परिच्छेद आहे, येथे चित्र लावायचे आहे. सीएसएस म्हणजे त्या मसुद्याची सजावट : अक्षराचा आकार, रंग, दोन ओळींतले अंतर. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत वर्ल्ड वाइड वेब या जाळ्याची कल्पना मांडली आणि १९९३ मध्ये सर्नने हे तंत्र सर्वांसाठी खुले केले, त्यामुळे ते वापरायला कोणाची परवानगी लागत नाही आणि शुल्कही पडत नाही. शिकण्याची साधनेही विनामूल्य आहेत. मोझिलाचे एमडीएन, डब्ल्यूथ्रीस्कूल्स आणि फ्रीकोडकॅम्प ही इंग्रजीतली ठिकाणे चांगली आहेत. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात संगणकाच्या अनेक विषयांचे पाठ मराठी निवेदनासह मिळतात, आणि इंग्रजी ऐकून दमणाऱ्यांना त्यांचा मोठा आधार होतो.

रोज दोन तास बसावे, त्याहून अधिक नको. नुसते पाहून हे येत नाही, हाताने लिहावे लागते. सरावासाठी काल्पनिक कंपनीचे पान न करता आपल्या वाडीचे पान करावे : ग्रामदेवतेच्या देवळाचे छायाचित्र, एसटीच्या वेळांचा तक्ता, शिमग्यातल्या पालखीची माहिती, जवळच्या आरोग्य केंद्राचा पत्ता. तक्ता करताना तक्त्याच्या खुणा येतात, छायाचित्र लावताना चित्राच्या, पत्ता देताना नकाशाची लिंक. महिनाभरात पाच पानांची वेबसाइट स्वतःच्या हाताने लिहिता येऊ लागते. ती गिटहब पेजेस या इंटरनेटवरच्या सेवेवर विनामूल्य ठेवून मित्रांना दाखवता येते. ती सोय सरावापुरती वापरावी. व्यापारी वेबसाइट तेथे चालवणे त्यांच्या नियमांत बसत नाही.

देवनागरी पानांसाठी चार गोष्टी पहिल्या दिवसापासून पाळाव्यात. पानाची भाषा मराठी आहे अशी खूण आरंभीच करावी, म्हणजे दृष्टिहीन वाचकाचे वाचनयंत्र मराठी उच्चार करते. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी यांसारखा गुगल फाँट्सवर विनामूल्य मिळणारा फाँट घ्यावा. ओळींतले अंतर अक्षराच्या किमान दीडपट, शक्यतो त्याहून थोडे अधिक ठेवावे, कारण वेलांट्या आणि उकार एकमेकांत अडकतात. आणि अक्षरांतले अंतर वाढवण्याची सीएसएसची सोय मराठीला कधीही लावू नये. शिरोरेषा तुटते आणि पाटी रंगवणारा अर्धवट सोडून गेल्यासारखी दिसते.

वर्डप्रेस २००३ पासून आहे, मुक्त आणि विनामूल्य आहे आणि जगातल्या वेबसाइटचा फार मोठा वाटा त्यावर चालतो. तरीही पाच पानांच्या निवास-वेबसाइटला त्याची गरज नसते असे माझे मत आहे. त्याची मूळ प्रणाली आणि जोड-प्रणाली (प्लगइन) सतत अद्ययावत ठेवाव्या लागतात, आणि सहा महिने दुर्लक्ष झाले तर कोणीतरी आत शिरून औषधांच्या जाहिराती लावून जाते. साध्या एचटीएमएलच्या पानांत शिरण्यासारखे फारसे काही नसते आणि ती कमजोर नेटवर्कवरही पटकन उघडतात. मालकाला स्वतः दर आठवड्याला काही बदलायचे असेल, तरच वर्डप्रेस घ्यावे.

नाव, जागा आणि मालकी

वेबसाइटसाठी दोन गोष्टी विकत घ्याव्या लागतात : डोमेन, म्हणजे तिचे नाव, आणि होस्टिंग, म्हणजे तिच्या फाइल ठेवण्याची जागा. सातबारा आणि घर यांत जो फरक तोच या दोहोंत. ‘डॉट इन’ नाव साधारण हजार रुपयांच्या आत वर्षभरासाठी मिळते. ‘डॉट भारत’ हे देवनागरी नावही २०१४ पासून मिळते आणि ते पाटीवर फार शोभते, पण त्यावरचा ईमेल सगळीकडे चालतोच असे नाही, म्हणून ते जोडनाव म्हणून घ्यावे. होस्टिंग घेताना पहिल्या वर्षाची किंमत पाहू नये, नूतनीकरणाची पाहावी. पहिल्या वर्षी स्वस्त देऊन दुसऱ्या वर्षी तिप्पट मागण्याची रीत या धंद्यात सर्रास आहे. पानाच्या पत्त्याशेजारी ‘असुरक्षित’ असा इशारा येऊ नये म्हणून जे प्रमाणपत्र लागते, ते लेट्स एन्क्रिप्टकडून विनामूल्य मिळते आणि बहुतेक होस्टिंगवाले ते आपोआप बसवून देतात. त्यासाठी वेगळे पैसे मागणारा असेल तर दुसरा शोधावा.

आता मालकीविषयी. डोमेन नेहमी ग्राहकाच्या नावावर, ग्राहकाच्या ईमेलवर आणि ग्राहकाच्या मोबाइल क्रमांकावर नोंदवावे. ही गोष्ट मी चूक करून शिकलो. माझ्या दुसऱ्याच कामात त्या गृहस्थांचा ईमेल नव्हता, म्हणून सोयीसाठी मी डोमेन माझ्या नावावर आणि माझ्या कार्डावर घेतले. वर्षभरात माझे कार्ड बदलले, नूतनीकरणाचे पैसे गेले नाहीत, सूचनेची पत्रे माझ्या ईमेलच्या जाहिरातींच्या कप्प्यात पडून राहिली, आणि ऐन मे महिन्यात, म्हणजे खोल्या भरण्याच्या दिवसांत, त्यांची वेबसाइट बंद पडली. मुदत संपल्यावर काही दिवस नाव राखून ठेवलेले असते, त्यामुळे जादा दंड भरून ते परत मिळाले. दंड अर्थात मी भरला. ते गृहस्थ काही बोलले नाहीत, पण त्या आठवड्यात दोन कुटुंबे त्यांना वेबसाइट बंद दिसल्याने दुसरीकडे गेली, हे त्यांच्या मुलाने मला नंतर सांगितले. तेव्हापासून ग्राहकाचा ईमेल नसेल तर प्रथम तो उघडून देतो, त्याचा संकेतशब्द त्यांच्याच हाताने त्यांच्या वहीत लिहवून घेतो, आणि नूतनीकरणाची तारीख दोघांच्याही मोबाइलमध्ये एक महिना आधीच्या आठवणीसह टाकतो.

पहिले काम

पहिली वेबसाइट ओळखीच्या माणसासाठी विनामूल्य करावी, दुसरी मात्र करू नये. गावात ‘काका फुकट करून देतात’ ही कीर्ती एकदा पसरली, की ती पुसायला फार वर्षे लागतात.

निवासाची सोय देणाऱ्या घराचे काम घेतले, तर संगणक उघडण्याआधी एक पूर्ण सकाळ त्या घरी घालवावी आणि पाहुण्याच्या नजरेने प्रश्न विचारावेत. खोल्या किती, शौचालय खोलीला जोडून आहे की परसात, आणि ते कमोडचे आहे का. गुडघे दुखणाऱ्या पाहुण्याच्या दृष्टीने हा प्रश्न समुद्राच्या देखाव्याहून महत्त्वाचा असतो. गाडी अंगणापर्यंत येते की वरच्या रस्त्यावर लावून पाखाडी उतरावी लागते? जेवण शाकाहारी की माशांचेही? कोणत्या कंपनीचे मोबाइल नेटवर्क मिळते? जवळचे रेल्वे स्थानक कोणते? गुहागरला जाणारा चिपळूणला उतरतो, दापोलीचा खेडला, गणपतीपुळ्याचा रत्नागिरीला आणि मालवणचा कुडाळला किंवा सिंधुदुर्गला, हे आपल्याला ठाऊक असते. नागपूरच्या पाहुण्याला नसते. गाड्यांच्या वेळा मात्र पानावर लिहू नयेत, कारण कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक वेगळे असते आणि चुकलेल्या गाडीचा राग घरमालकावर निघतो.

मजकुरात खरे तेवढेच लिहावे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या काळातही ‘रोज ताजी सुरमई’ असे छापणे म्हणजे तक्रारीला निमंत्रण. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या आणि तारकर्लीचे जलक्रीडा प्रकार बंद असतात. वेळासला साधारण फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्रात जाताना दिसतात, पण कोणत्या दिवशी घरटे फुटेल हे कोणाच्या हाती नसते, म्हणून ‘कासवे नक्की दिसतील’ असा शब्द पानावर देऊ नये.

छायाचित्रे गणपतीनंतर, पाऊस ओसरल्यावर काढावीत. भातशेती पिवळी होऊ लागलेली असते, जांभा धुऊन निघालेला असतो आणि उजेड मऊ असतो. एप्रिलच्या दुपारी काढलेल्या छायाचित्रात अंगण पांढरे फटक दिसते. इंटरनेटवरून दुसऱ्याचे छायाचित्र उचलू नये. तो कायद्याने गुन्हा होऊ शकतो, आणि मालदीवचा किनारा पाहून हर्णैला आलेला पाहुणा दुसऱ्यांदा येत नाही. मोबाइलवर काढलेले छायाचित्र तीन-चार एमबीचे असते. गुगलच्या स्क्वूश या विनामूल्य साधनाने त्याची रुंदी साधारण १२०० पिक्सेल करून ते वेबपी या कमी जागा घेणाऱ्या चित्रस्वरूपात साठवले, की दोनशे केबीच्या आत येते. संपूर्ण पान एक एमबीच्या आत बसवण्याचा नियम स्वतःला घालून घ्यावा, आणि तयार पान घरच्या वायफायवर न तपासता एसटी स्टँडवर उभे राहून मोबाइलवर तपासावे.

खोलीच्या आरक्षणासाठी ऑनलाइन पैसे भरण्याची यंत्रणा लहान घराला लागत नाही. बोटाने दाबला की फोन लागेल असा क्रमांक आणि व्हॉट्सॲपवर थेट संवाद उघडणारी लिंक, एवढे पुरते. आगाऊ रक्कम यूपीआयने येते. मजकूर मराठीबरोबर इंग्रजीतही द्यावा, कारण गावाचे नाव शोधणारे निम्मे लोक ते इंग्रजी अक्षरांत शोधतात.

आणि वेबसाइटच्याही आधी गुगल नकाशावर त्या घराची व्यवसाय म्हणून नोंद करून द्यावी. हे लिहिणे माझ्या धंद्याला मारक आहे, पण पहिल्या वर्षी दूरध्वनी जास्त येतात ते नकाशावरूनच. आपल्याकडे घरांना क्रमांक नसतात आणि ‘पारावरून डावीकडे’ हा पत्ता मोटारीला कळत नाही; नकाशातला प्लस कोड, म्हणजे त्या जागेचा अक्षर-आकड्यांचा छोटा पत्ता, अशा वेळी उपयोगी पडतो. त्या नोंदीतही घरमालकाला मालक आणि स्वतःला व्यवस्थापक अशा भूमिका द्याव्यात.

आंबा आणि खाद्यपदार्थ

बागायतदाराची वेबसाइट वेगळ्या जातीची असते, कारण ती वर्षातले तीन महिनेच जागी असते आणि पेटीचा दर दर आठवड्याला उतरतो. दर पानावर लिहिलाच तर त्याशेजारी तारीख लिहावी. माझा सल्ला असा, की दर लिहू नये, ‘आजचा दर विचारा’ अशी व्हॉट्सॲपची लिंक द्यावी. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (ठरावीक भागातल्याच मालाला ते नाव लावता येईल अशी सरकारी नोंद) मिळाले असून रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे जिल्हे त्यात येतात; परंतु मानांकनाचे चिन्ह लावण्यासाठी बागायतदाराने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. त्याच्याकडे ते प्रमाणपत्र आहे का, हे पाहिल्याशिवाय चिन्ह पानावर लावू नये. वेंगुर्ल्याचा काजू आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीचा कोकम यांनाही मानांकन आहे आणि त्यांनाही हाच नियम. आमसूल, आगळ, फणसपोळी, आंबापोळी असे पदार्थ विकायचे असतील, तर अन्नसुरक्षा नोंदणीचा एफएसएसएआय क्रमांक पानावर ठळक दिसावा. ‘सेंद्रिय’ हा शब्द प्रमाणपत्र पाहिल्याखेरीज लिहू नये. ‘कार्बाइडमुक्त’ ही काही जण मोठ्या अभिमानाने जाहिरात करतात, पण कार्बाइडने फळ पिकवण्यास कायद्यानेच बंदी आहे, तेव्हा ती फुशारकी नसून किमान अट आहे; पेंढ्याच्या अढीत पिकवतो, असे लिहिले तर ग्राहकाला काहीतरी कळते.

मोबदला, करार आणि कर

पाच पानांच्या मराठी-इंग्रजी वेबसाइटसाठी मी सध्या दहा हजार रुपये घेतो, निम्मे आधी आणि निम्मे वेबसाइट सुरू झाल्यावर. डोमेन आणि होस्टिंगचा खर्च ग्राहक स्वतः भरतो. त्यानंतर वर्षाला चार हजार रुपये देखभालीचे : नूतनीकरणाकडे लक्ष ठेवणे, हंगामाआधी दर आणि छायाचित्रे बदलणे, दर महिन्याला सर्व लिंक तपासणे, प्रत काढून ठेवणे. बारा वेबसाइटचे वर्षाला अठ्ठेचाळीस हजार होतात, शिवाय वर्षात दोन-तीन नवी कामे. आकडा मोठा नाही, पण त्यासाठी आठवड्याचे सात-आठ तास पुरतात आणि बांधणीसारखे ग्राहक शोधत फिरावे लागत नाही. पंधराच्या वर कामे घेऊ नयेत. त्यापुढे ‘हाकेला धावणारा माणूस’ हे आपले एकमेव भांडवल संपते.

करार साध्या कागदावर, मराठीत, एका पानाचा असावा. त्यात किती पाने, मजकूर आणि छायाचित्रे कोण देणार, किती वेळा दुरुस्त्या करून मिळणार (मी दोनदा लिहितो), देखभालीत काय येते आणि काय येत नाही, आणि ग्राहकाला दुसऱ्याकडे जायचे झाल्यास सर्व फाइल आठ दिवसांत देण्याची हमी, एवढे असावे. भावकीतला माणूस असेल तर करार अधिक काळजीने करावा. तो पैसे बुडवतो म्हणून नव्हे. ‘जरा एवढे बदल’ असे म्हणत तो वर्षभर बदल करून घेतो आणि आपल्याला नाही म्हणता येत नाही.

कराच्या बाबतीत निवृत्तांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या ६० वर्षांवरील निवासी व्यक्तीला आगाऊ कर भरण्यापासून सूट असते. वेबसाइटचे पैसे व्यवसायाचे उत्पन्न ठरत असल्याने ते सुरू झाले की ही सूट जाते, आणि निवृत्तिवेतनातून कापलेला कर वजा जाता दहा हजार किंवा अधिक कर उरत असेल, तर तो आगाऊ भरावा लागतो. निवृत्तिवेतनासाठी आपण भरत असलेले ‘सहज’ विवरणपत्रही मग चालत नाही. वर्षाची सेवा वीस लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणीची गरज नाही, म्हणजे आपल्यापैकी कोणालाच नाही. पावतीपुस्तक मात्र पहिल्या दिवसापासून ठेवावे, आणि या कामाचे पैसे वेगळ्या बचत खात्यात घ्यावेत, म्हणजे जुलैत करसल्लागारासमोर पासबुकावर बोट फिरवत बसावे लागत नाही.

फसवणूक

घरबसल्या वेबसाइटचे काम देतो, आधी नोंदणीचे पाच हजार भरा, असे सांगणारा प्रत्येक जण ठग समजावा. काम देणारा कामगाराकडून पैसे घेत नाही. दुसरा प्रकार ग्राहकाच्या बाबतीत घडतो आणि त्याची सूचना आपण त्यांना द्यायला हवी : मोठ्या अधिकाऱ्याच्या नावाने फोन येतो, सहा खोल्या हव्यात म्हणतो, आगाऊ पैसे पाठवण्यासाठी क्यूआर कोड पाठवतो आणि तो स्कॅन करून पिन टाका म्हणतो. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. हे वाक्य मी प्रत्येक घरमालकाच्या फोनजवळ भिंतीवर चिकटवून येतो. डोमेनची मुदत संपत असल्याचे सांगणारे अनोळखी ईमेलही येतात. नूतनीकरण नेहमी आपल्या मूळ विक्रेत्याच्या खात्यात शिरूनच करावे.

वर्षाचे वेळापत्रक आणि वही

मार्च ते मे या काळात कोणाकडेही वेबसाइटचा विषय काढू नये. बागायतदार पेट्या भरत असतो आणि घरमालक पाहुण्यांच्या चहात असतो. या दिवसांत फक्त तातडीच्या दुरुस्त्या कराव्यात. नवे काम मागायला जून-जुलै उत्तम, लावणी उरकली की माणसे पडवीत निवांत सापडतात आणि नुकत्याच संपलेल्या हंगामात काय कमी पडले हे त्यांच्या डोक्यात ताजे असते. मजकूर तेव्हा लिहून घ्यावा, श्रावणात पाने बांधावीत, चाकरमानी गणपतीला आले की त्यांच्याकडून तपासून घ्यावीत (मुंबईकर पुतण्याला एखादी चूक सापडली की घरमालकाचा आपल्यावरचा विश्वास उलट वाढतो), ऑक्टोबरात छायाचित्रे लावावीत आणि दिवाळीच्या आधी वेबसाइट सुरू करावी.

शेवटची तजवीज आपल्या वयाची आहे. आपण आजारी पडलो किंवा राहिलोच नाही, तर या बारा घरांच्या वेबसाइटचे काय, याचे उत्तर पहिल्या कामापासून तयार असावे. मी एक वही ठेवली आहे. प्रत्येक ग्राहकाला एक पान : डोमेन कोठे घेतले, होस्टिंग कोठे, दोन्हींच्या नूतनीकरणाच्या तारखा, फाइलची प्रत कोठे आहे, आणि पुढे मदतीला कोणाला बोलावता येईल. संकेतशब्द वहीत लिहीत नाही. ते बिटवॉर्डन या विनामूल्य संकेतशब्द-पेटीत आहेत आणि तिची मुख्य किल्ली बंद लिफाफ्यात सूनबाईंच्या कपाटात आहे. ग्राहकाच्या पानाची प्रत ग्राहकाच्या घरी, शक्यतो वीजबिलांच्या फाइलमध्ये, कारण ती फाइल दर महिन्याला उघडली जाते. दरवर्षी १ जुलैला मी ही वही घेऊन बसतो आणि प्रत्येक पानावरची तारीख नव्याने लिहितो.